अळीचा निरोप

गेल्या दिवाळींत आमच्या अक्काची नात चार दिवस आमच्या घरीं राहावयास आली होती. अक्का जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं; पण तिच्या मुलानातवंडांनीं या घराची वाट मोडूं दिलेली नाहीं, हें आम्ही आमचें भाग्य समजतों. ही मुलगी जीवशास्त्राची पदवी घेऊन एका प्रयोगशाळेंत संशोधन करीत असते. पाडव्याच्या दुपारीं सारी मंडळी माजघरांत फराळाला बसली असतां आमच्या सूनबाईंनीं तिला सहज विचारलें, "तूं तिकडे दिवसभर करतेस तरी काय ग?" चकलीचा तुकडा मोडीत ती म्हणाली, "काकू, अळीचा कान काढून उंदराच्या पेशींत बसवतें."

मंडळी हंसली. आमच्या धाकट्या नातवानें, अळीला कान असतो का, म्हणून विचारलें, कोणी म्हणालें, "सणाच्या दिवशीं ताटावर हें कसलें बोलणें!" आम्ही मात्र हंसलों नाहीं. उभा जन्म शाळेंत गेल्यामुळें, एखादें वाक्य चमत्कारिक वाटलें म्हणजे तें खोटेंच असेल असें समजूं नये, एवढें आम्हांस कळतें. शिवाय 'हॉर्मोन', ज्याला आतां मराठींत संप्रेरक म्हणतात, त्या पदार्थाशीं आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे. तो पुढें सांगूं. रात्रीं निजानीज झाल्यावर आम्हीं तिला ओसरीवर बसवून घेतलें आणि म्हटलें, "आतां पहिल्यापासून सांग." तिनें त्या रात्रीं जें सांगितलें तें, व मागाहून तिनें धाडलेले लेख कोश जवळ घेऊन वाचतांना जें उमगलें तें, येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. आमची विद्या संस्कृताची आणि जुन्या मॅट्रिकपुरती. तेव्हां कांहीं उणें आढळल्यास तें तिचें न समजतां आमचें समजावें.

लिंबाच्या झाडावरची हिरवी अळी पुष्कळांनीं पाहिली असेल. ती खाते, फुगते, कात टाकते, पुन्हां खाते. आणि एके दिवशीं खाणें सोडून स्वस्थ होते व कोश करते. तो दिवस तिला कोण सांगतें? शाळेंत असतां एखाद्या मुलानें हा प्रश्न विचारला तर "निसर्गनियम!" असें म्हणून आम्ही फळा पुसावयास घेत असूं.

पोलंडमधील स्टेफान कोपेच या शास्त्रज्ञाला तेवढ्यावर समाधान वाटलें नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यानें जिप्सी पतंगाच्या अळ्या घेतल्या आणि त्यांना मधोमध दोऱ्यानें करकचून बांधलें. ठराविक दिवसापूर्वीं बांधलेल्या अळीचा पुढला भाग कोश झाला, मागला अळीच राहिला. त्या दिवसानंतर बांधली तर दोन्ही भाग कोश होत. मेंदू आधीं काढला तर कोश होईचना. पण मज्जारज्जु मध्येंच तोडला तर मात्र कांहीं अडेना. म्हणजे अळीच्या अंगांत हा निरोप तारेनें जात नव्हता, रक्तांतून वाहत जात होता. १९२२ सालीं त्यानें हें सविस्तर प्रसिद्ध केलें. किड्याचा मेंदू संप्रेरक सोडतो ही गोष्ट त्या काळीं फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. एक दोरा व थोडी चिकाटी एवढ्या सामग्रीवर इतकी मोठी गोष्ट शोधणाऱ्या या मनुष्याला १९४१ सालीं नाझींनीं वॉर्सॉजवळ गोळ्या घालून मारलें, हें वाचून आम्हांस फार वाईट वाटलें.

तो निरोप कोणता, हें हाताला लागण्यास तीस वर्षें गेलीं. १९५४ सालीं बूटेनांट व कार्लसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं रेशमाच्या किड्याचे ५०० किलो कोश घेऊन, गाळीत, आटवीत, वेगळें करीत, अखेर २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. ५०० किलो म्हणजे लग्नघरचीं तांदळाचीं पांच पोतीं. आणि २५ मिलिग्रॅम म्हणजे वरणांत पडलेलें कळणारही नाहीं एवढें मीठ! कात टाकण्याला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्या द्रव्याला एकडायसोन असें नांव मिळालें. पुढें १९६० सालीं क्लेव्हर आणि त्याच कार्लसन यांनीं तें डासासारख्या दिसणाऱ्या एका किड्याच्या अळीला टोंचलें. या अळीच्या लाळग्रंथींतलीं गुणसूत्रें इतकीं जाड असतात कीं साध्या सूक्ष्मदर्शकांतून त्यांवरील पट्टे मोजतां येतात. टोंचल्यावर अर्ध्या तासाच्या आंत त्या गुणसूत्रांवर ठराविक जागीं फुगवटे आले. फुगवटा आला म्हणजे तेथलें जनुक कामाला लागलें. संप्रेरक थेट जनुकांना जागें करतें, हें त्या फुगवट्यांनीं प्रथम डोळ्यांना दाखविलें.

आतां कानाविषयीं. निरोप सर्व अंगभर हिंडतो. पण तो ऐकणारें प्रथिन ज्या पेशींत असेल तीच पेशी हालचाल करते. या प्रथिनाला शास्त्रज्ञ ग्राही म्हणतात. ही मुलगी कान म्हणते, आणि आम्हांसही तोच शब्द बरा वाटतो. हा कान तीन अवयवांचा असतो. एक अवयव संप्रेरकाला पकडतो. दुसरा जनुकांच्या लांबलचक पोथींत ठराविक ओळीवर बोट ठेवतो. तिसरा त्या ओळीचें वाचन सुरू करवितो. फळमाशीचा हा कान अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेनें १९९१ सालीं उघडकीस आणला; आणि थोड्याच काळांत असेंही कळलें कीं तो एकट्यानें काम करीत नाहीं, त्याला दुसरें एक प्रथिन जोडीदार म्हणून लागतें.

ती सांगत होती आणि आम्ही मान डोलवीत होतों. मग ती म्हणाली, "मामाआजोबा, आपल्या शरीरांत कॉर्टिसॉल असतें ना, त्याचा कान आणि हा अळीचा कान एकाच कुळांतले. बांधणी तीच, अवयव तेच. दोन्ही संप्रेरकें कोलेस्टेरॉलपासूनच होतात. आजी ज्या गोळ्या घेत असे असें बाबा सांगतात, त्या याच कुळांतल्या कानाला हांक मारीत होत्या."

आमची मान तेथेंच थांबली.

अक्का आमच्याहून चौदा वर्षांनीं मोठी. आई लवकर गेल्यामुळें आमची मुंज, आमची शाळेची फी, आमच्या लग्नाचीं बोलणीं, सर्व तिनेंच पाहिलें. पुढें यजमानांच्या पश्चात् ती मुलांसह आमच्याकडे राहिली. चाळिशी उलटल्यावर तिला संधिवातानें गांठलें. सकाळीं तिच्या बोटांनीं रवी धरवेना, देवाची वात वळवेना. आणि अक्कासारखी बाई वेणी घालून घेण्यासाठीं आमच्या मंडळींपुढें पाठ करून बसूं लागली. तेव्हां कोणाच्या तरी सांगण्यावरून तिला शेजारच्या गांवीं औषध देणाऱ्या एका गृहस्थाकडे नेलें. त्यानें बिननांवाच्या बारीक पांढऱ्या गोळ्या कागदाच्या पुडींत बांधून दिल्या. आठ दिवसांत अक्का उठून कामाला लागली. पंधराव्या दिवशीं तिनें दारांत ठिपक्यांची रांगोळी घातली. आम्ही त्या गृहस्थास धन्वंतरी म्हणूं लागलों.

हा अनुभव जगाला नवा नव्हता. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोंचलें, आणि ती थोड्याच दिवसांत हिंडूंफिरूं लागली. दोन वर्षांनीं त्यांस व आणखी दोघां शास्त्रज्ञांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें. पुढचा भाग जगाला कळावयास वेळ लागला, तसाच आम्हांलाही लागला.

पुड्या चारपांच वर्षें येत राहिल्या. अक्काचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. शेजारणी म्हणत, भावाच्या घरचें अन्न मानवलें. मग कातडी कागदासारखी झाली, नुसती बांगडी घासली तरी निळे डाग उठूं लागले, आणि एकदां उंबऱ्याला अडखळून पडली तेवढ्यानें मनगट मोडलें. १९९७ च्या डिसेंबरांत एका रविवारच्या वर्तमानपत्रांत आम्हीं या जातीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम वाचले. एकएक लक्षण जुळत गेलें. आम्हांस त्या गृहस्थाचा संताप आला, आणि स्वतःच्या गाढवपणाचाही. त्याच संध्याकाळीं उरलेल्या सगळ्या पुड्या परसांतल्या खड्ड्यांत टाकून आम्हीं वर माती लोटली व अक्काला बजावलें, "आजपासून बंद." आपण बहिणीला विषापासून सोडविली, अशा समाधानांत त्या रात्रीं आम्ही निजलों.

तिसऱ्या दिवशीं तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशीं ती देवघरापुढें कोसळली. अंग गार, नाडी हाताला लागेना. जिल्ह्याच्या गांवीं नेलें. तेथल्या डॉक्टरांनीं सर्व हकीकत ऐकून आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, तसें आम्हीं तीनदां नापास झालेल्या मुलाकडेही कधीं पाहिलें नव्हतें. त्यांनीं त्याच जातीचें औषध शिरेंतून दिलें, तेव्हां ती शुद्धीवर आली. मग त्यांनीं समजावून सांगितलें. बाहेरून रोज निरोप येत राहिला म्हणजे शरीर आपल्या निरोप्याला रजा देतें. मूत्रपिंडांवर बसलेल्या ज्या ग्रंथि हा स्राव करतात, त्या झोपीं जातात. त्यांना जाग यावयास महिने लागतात. तोंवर गोळी कणाकणानें उतरवावयाची. गोळी एकदम बंद करणें म्हणजे जुना निरोप्या निजलेला असतां नव्याला हाकलून देणें.

अक्का घरीं आल्यावर एवढेंच म्हणाली, "अरे, कढई उतरवायची तर आधीं चुलींतलीं लाकडें मागें ओढावीं लागतात. एवढें संस्कृत शिकलास आणि हें नाहीं शिकलास." त्यानंतर अकरा महिने आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिची गोळी मांडीत होतों: एक, पाऊण, अर्धी, पाव, मग एक दिवसाआड पाव. त्या प्रसंगांतून ती उठली आणि पुढेंही बरींच वर्षें जगली. परंतु परसांत त्या खड्ड्याच्या जागीं लावलेल्या अनंताशीं आम्ही अजूनही फारसे थांबत नाहीं.

असो. आतां पुन्हां अळीकडे वळूं.

अक्काच्या गोळीचा दोष विचाराल तर असा: ती दिली सांध्यांसाठीं, पण कॉर्टिसॉल ऐकणारे कान हाडांत, कातडींत, स्नायूंत, मेंदूंत, जवळजवळ सर्वत्र आहेत. तिनें हांक मारली कीं सगळें गांव दारें उघडून बाहेर येतें. याउलट एकडायसोनच्या हांकेला मनुष्याच्या शरीरांत 'ओ' देणारा कानच नाहीं. आपण तें द्रव्य खातोंही: पालकाच्या भाजींत तें आहे, आणि गणपतीला जी पत्री वाहतों तींतल्या आघाड्यांतही तें सांपडलेलें आहे. आपणांस खावयास येणाऱ्या किड्यांचा गोंधळ उडावा म्हणून वनस्पति तें करीत असाव्यात, असें शास्त्रज्ञांचें मत आहे. अगदीं बारकाईनें पाहूं जातां मनुष्य याबाबतींत ठार बहिरा आहे असेंही म्हणवत नाहीं. प्रयोगशाळेंतील कांहीं पेशींवर या द्रव्यांचा थोडाफार परिणाम झालेला दिसला आहे; आणि खेळाडूंच्या उत्तेजकांवर पहारा ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनें २०२० पासून या जातीचें एक द्रव्य आपल्या नजरेखालीं ठेवलें आहे. तरी कॉर्टिसॉलच्या हांकेशीं तुलना केली तर ही कुजबुजही नव्हे.

मग ज्या घरांत एक भाषा कोणालाच येत नाहीं, त्या घरांतल्या एकालाच ती शिकविली तर? बाकीच्यांची झोंप न मोडतां त्याच्याशीं बोलतां येईल. मूळ कल्पना एवढीच. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील साल्क इन्स्टिट्यूटमध्यें रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेनें ती प्रत्यक्षांत आणून दाखविली. मनुष्याच्या कॉर्टिसॉलचा कान १९८५ सालीं ज्यांनीं ओळखला तेच हे एव्हान्स. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माशीचा कान घेतला. त्याला ओठावर पुरळ आणणाऱ्या हर्पीस विषाणूचा एक जोरकस तुकडा जोडला, म्हणजे वाचन मोठ्या आवाजांत व्हावें. आणि बोट ठेवणारा जो अवयव त्यांत असा फेरफार केला कीं तें बोट मुद्दाम घडविलेल्या एका नव्या ओळीवरच पडावें, शरीराच्या स्वतःच्या ओळींवर पडूं नये. जोडीदार म्हणून आपल्याच जातीच्या प्राण्यांतलें त्या कुळांतलें प्रथिन दिलें. ही सर्व सामग्री सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातली, आणि वर एकडायसोनच्या जातीचें म्युरिस्टेरॉन हें द्रव्य टाकलें. जनुकाचें काम दहा हजार पटींपर्यंत वाढलें! द्रव्य नसतां तें जवळजवळ स्वस्थ होतें. उंदरांतही प्रयोग साधला. हें म्युरिस्टेरॉन कोठून आणलें असेल म्हणतां? गारवेलीच्या कुळांतल्या एका वेलीच्या बियांतून तें प्रथम काढलें गेलें, आणि त्या बियांचें औषधी बाजारांतलें नांव काळादाणा! आमच्या लहानपणीं काष्ठौषधींच्या दुकानांत रेचक म्हणून या नांवाचें बीं मिळे.

पुढें सुब्बा रेड्डी पल्ली व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं या यंत्राची निराळी मांडणी केली. उत्तर अमेरिकेंतील सूचिपर्णी जंगलें फस्त करणारी स्प्रूस-बडवर्म नांवाची अळी आहे. तिच्या कानाचा संप्रेरक पकडणारा भाग घेऊन त्याला यीस्टच्या एका प्रथिनाचें बोट बसविलें, आणि विषाणूचा तो जोरकस तुकडा जोडीदाराच्या पदरीं बांधला. संप्रेरक आलें कीं दोघे हातांत हात घालतात व वाचन सुरू होतें. तें गेलें कीं हात सुटतात. लग्नकार्यांत चार घरचीं भांडीं मागून आणलीं म्हणजे पंगतीत ज्याच्या त्याच्या नांवाचीं भांडीं शेजारीं शेजारीं दिसतात, त्याची आम्हांस आठवण झाली: अळीचा कान, यीस्टचें बोट, विषाणूचा गळा, आणि यजमान मनुष्य.

या दुसऱ्या यंत्राला जो निरोप लागतो त्याची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. एकडायसोन करावयास अवघड, महाग, आणि पानावर फवारलें तर टिकावयाचें नाहीं. रोम अँड हास या अमेरिकन कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं असें एक कृत्रिम द्रव्य प्रसिद्ध केलें कीं जें रचनेनें एकडायसोनसारखें मुळींच नाहीं, तरी किड्याच्या त्याच कानांत जाऊन बसतें. त्याच्या वंशांत टेब्युफेनोझाइड हें कीटकनाशक निघालें. तें अळ्यांना मारतें, पण मधमाश्या, पक्षी, मनुष्य यांस फारसा उपद्रव देत नाहीं. म्हणून १९९८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नांवें दिलें जाणारें हरित रसायनाचें पारितोषिक त्यास मिळालें. तें मारतें कसें हें आम्हीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "निरोप देऊनच मारतें, मामाआजोबा. फक्त तो निरोप संपत नाहीं."

गोष्ट अशी कीं, कात टाकण्यास अळीच्या रक्तांत एकडायसोन चढावें लागतें तसें तें उतरावेंही लागतें. चढलें कीं खाणें सुटतें आणि जुन्या कातडीखालीं नवी धरूं लागते. उतरलें कीं पुढचें काम, जुनी फोडून बाहेर येणें व पुन्हां खाणें, सुरू होतें. कृत्रिम द्रव्य उतरत नाहीं. अळी अवेळीं कात टाकावयास घेते आणि अर्ध्यावर अडकते; अर्धवट सुटलेल्या कातडीच्या टोपींत तोंड गुंतून ती उपाशी मरते. हें ऐकून आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं. अक्काचा निरोप आम्हीं एकाएकीं तोडला म्हणून ती पडली, आणि अळी तो तुटत नाहीं म्हणून मरते! आत्तांपर्यंत औषध म्हटलें म्हणजे तें लागू पडतें कीं नाहीं एवढेंच आम्ही पाहत होतों.

तथापि या सर्व खटाटोपाचा मनुष्याला उपयोग काय? येथें एक दुःखद प्रकरण सांगितलें पाहिजे. इंटरल्यूकिन-१२ नांवाचें एक प्रथिन आहे. तें शरीराच्या संरक्षक पेशींना चेतवून कर्करोगावर सोडतें. जनावरांत त्याचे परिणाम इतके चांगले दिसले कीं पुष्कळांच्या आशा पालवल्या. १९९५ सालीं अमेरिकेंत मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांना तें टोंचण्याचा प्रयोग चालला असतां १७ जणांपैकीं १२ जणांस रुग्णालयांत दाखल करावें लागलें आणि दोघे दगावले. चेतविलेल्या पेशींनीं शत्रूबरोबर घरही जाळलें. आणि सुईनें रक्तांत गेलेलें औषध 'परत ये' म्हटल्यानें परत येत नाहीं.

सौप्तिक पर्वांत अश्वत्थामा व अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात, आणि व्यास व नारद मध्यें उभे राहून तें आवरावयास सांगतात, हा प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. अर्जुनाला आवरतां येतें; अश्वत्थाम्याला येत नाहीं, आणि तें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जातें. हा भाग आम्हीं कितीतरी वर्षें शिकविला. 'संहार' शब्दाचा येथें 'मागें घेणें' असा अर्थ आहे, नाश असा नव्हे, एवढें सांगून आम्ही पुढच्या श्लोकाकडे वळत असूं. शिकवितांना जें आपल्या अंगाला लागत नाहीं, तें किती सहज ओलांडलें जातें!

अळीच्या कानाचा उपयोग या आवरण्यासाठीं झाला. अमेरिकेंत मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा आदि दुर्धर अर्बुदांनीं पुन्हां डोकें वर काढलेल्या ३१ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याची हकीकत २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. बोस्टनचे शल्यचिकित्सक चिओका हे त्यांतले प्रमुख. शस्त्रक्रियेनें गांठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीच्या कडेला, सर्दी आणणाऱ्या जातीचा पण निरुपद्रवी केलेला विषाणु टोंचला. त्याच्या पोटांत इंटरल्यूकिन-१२ चें जनुक आणि त्यावर पहारा करणारें तें अळीचें यंत्र. नुसत्या विषाणूनें कांहीं व्हावयाचें नाहीं. रोग्यानें व्हेलेडिमेक्स नांवाची गोळी घेतली म्हणजेच जनुक बोलूं लागतें. आणि ही गोळी कोणाच्या वंशांतली? त्या टेब्युफेनोझाइडच्याच. अळ्यांवर फवारलें जातें त्याचें भावंड माणूस पोटांत घेतो, तें रक्तांतून मेंदूंत पोहोंचतें आणि तेथें पेरून ठेवलेल्या अळीच्या कानांतच तेवढें शिरतें. शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवस रोज गोळी. मात्रा वाढविली तशी प्रथिनाची उत्पत्ति वाढली, आणि तापादि त्रासही वाढला. पण गोळी थांबवितांच त्रास ओसरला. १९९५ चे ते दोघे रोगी ज्यासाठीं तळमळले असतील, ती गोष्ट हीच.

यानें रोग बरा झाला असें मात्र कोणीं समजूं नये. २० मिलिग्रॅमची मात्रा सर्वांत सोसवली. ती घेणाऱ्यांपैकीं निम्मे रोगी १२.७ महिन्यांहून अधिक जगले. त्या रोगांत हें उत्तेजन देणारें आहे, पण एकतीस माणसांवरून सिद्धान्त काढूं नये, आणि ही चिकित्सा अजून प्रयोगाची पायरी ओलांडून गेलेली नाहीं. पण त्याच हकीकतींत एक ओळ अशी आढळली कीं ती आम्हीं दोनदां वाचली. मेंदूची सूज उतरविण्यासाठीं अशा रोग्यांना डेक्सामेथासोन देतात. तें अक्काच्या गोळीच्याच घराण्यांतलें. त्या चौदा दिवसांत ज्यांना तें एकूण २० मिलिग्रॅमहून अधिक दिलें गेलें, त्यांचें मध्यम आयुष्य ६.४ महिने भरलें. ज्यांना तेवढेंच किंवा कमी, त्यांचें १६.७ महिने. संरक्षक पेशींना एका हातानें उठवावयाचें आणि दुसऱ्या हातानें निजवावयाचें, असा तो प्रकार झाला असावा. आमची ही मुलगी सावध आहे. ती म्हणाली, "ज्यांची प्रकृति आधींच वाईट, त्यांनाच तें औषध जास्त लागलें असेल, असेंही असूं शकेल. एवढ्यावरून गोळी वाईट म्हणूं नका." आम्हीं म्हटलें, "बाई, गोळीला वाईट म्हणून एकदां आम्हीं काय केलें तें तुला ठाऊक आहे."

होळीच्या सुट्टींत ती पुन्हां आली, तेव्हां आम्ही तिचे सर्व लेख वाचून तयार होतों. आम्हीं विचारलें, "तुझ्या उंदराच्या पेशींतून तूं निरोप काढून घेतलास कीं तें जनुक लागलेंच गप्प बसतें का?"

"लागलेंच नाहीं," ती म्हणाली. "द्रव्य धुऊन काढावें लागतें. तरी आधीं झालेलें प्रथिन शिल्लक असतें, कुजबुज राहते. चालू कसें करायचें हें पहिल्या महिन्यांत जमलें. आतां निम्मा वेळ ती कुजबुज मोजण्यांतच जातो."

आम्ही उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं काढली. तिच्या तळाशीं १९९८ ची दिनदर्शिका अजून होती. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक चौकोनांत आमच्या अक्षरांत गोळीचा अपूर्णांक मांडलेला, आणि मधून मधून कांहीं चौकोनांत कुंकवाचें एक एक टिंब. मुलीनें महिन्यामागून महिना उलटून पाहिला. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "हीं टिंबें कसलीं?"

तीं अक्कानें केलेलीं. ज्या दिवशीं हात फार दुखत आणि गोळी वाढवून मागावीशी वाटे, पण तिनें मागितली नाहीं, त्या दिवसाला ती टिंब लावीत असे. हें आम्हांसही दिनदर्शिका भिंतीवरून उतरविल्यावर कळलें.

मुलीनें टिंबें मोजलीं. एकशें बारा भरलीं. "मामाआजोबा, ही मी नेऊं का?" ती म्हणाली. आम्हीं ती दिनदर्शिका जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून तिच्या पिशवींत घातली.